वाघीण आणि शेठची नवी मोटार

सातारा ते सांगली ही वाट मोटारीने एका दिवसात होते. आम्हांला तीन दिवस लागले. गाड्या दोन होत्या, त्यांतली एकच यापुढे चालणार होती, आणि कोणती ते ठरवण्यासाठी वाट मुद्दाम लांबची धरली होती.

प्रकरण थोडक्यात असे. वडूजला एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर इंदिराबाई गेली नऊ वर्षे एका जुन्या स्टेशन वॅगनमधून खटावच्या कोरड्या भागातली खेडी हिंडतात. ज्ञानूशेठ हे विट्याच्या बाजूचे. मद्रासेत त्यांचे सोने गाळण्याचे दुकान आहे. त्यांनी दवाखान्याला आपली नवीकोरी अमेरिकन सेडान देऊ केली. युद्ध संपून वर्ष उलटले तरी पेट्रोल अजून कूपनावर मिळते आणि दवाखान्याला कूपन एकाच गाडीचे आहे. नवी आली की जुनी जाणार. बाईंनी "नवी नको" असे लेखी कळवले. दवाखान्याचे मंडळ सांगलीत असते. त्याचे अध्यक्ष वयस्कर वकील आहेत. त्यांनी तोड काढली की दोन्ही गाड्यांनी बाईंची नेहमीची फेरी करत सांगलीला यावे, दोन्ही बाजूंचा कोणी लागत नाही अशा माणसाने बरोबर राहून टिपणे करावीत, आणि मग मंडळ ठरवील. तो माणूस म्हणून पुण्याच्या एका दैनिकातून मला पाठवण्यात आले. मत मागितलेले नव्हते.

दैनिकाने नंतर या प्रवासाच्या पाच ओळी छापल्या आणि त्या शेठजींच्या औदार्याबद्दल होत्या. बाकीचे येथे देतो.

पहिला दिवस: सातारा ते वडूज

सकाळी आठला पोवई नाक्यावर दोन्ही गाड्या उभ्या होत्या. नव्या गाडीच्या भोवती माणसे होती, जुन्या गाडीच्या आत होती. कोरेगावला, पुसेगावला जाणारी सात जणे बोचकी घेऊन कधीच चढून बसली होती आणि त्यांना कोणी काही विचारलेही नव्हते.

नवी गाडी काळीभोर, लांब, बसकी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांद्यावर, समोर घड्याळ, घड्याळाशेजारी रेडिओ, पायाखाली तांबडा गालिचा. मागची सीट एखाद्या दिवाणखान्यातल्या कोचासारखी. जुनी गाडी दहा-अकरा वर्षांची. पुढचे तोंड लोखंडी, मागचे सगळे अंग लाकडी पट्ट्यांचे, खिडक्यांना काचेऐवजी कॅनव्हासचे पडदे. मागची फळी साखळीवर खाली पडते. बाक दोन स्क्रूंवर बसवलेले, हवे तेव्हा उचलून काढता येतात.

ज्ञानूशेठ गाडी स्वतः चालवत. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, डोक्याला जरीचा फेटा. त्यांनी मला शेजारी बसवले.

"डोळं मिटा," ते म्हणाले. "आता सांगा, गाडी चालू हाय का बंद हाय?"

डोळे मिटले. खरोखर सांगता आले नाही. तशी नोंद केली.

जुन्या गाडीचा चालक हवालदार तुकाराम. युद्धापूर्वी हीच गाडी चालवत होता. मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लष्करी ट्रक चालवले आणि परत येऊन पुन्हा हिच्यावर बसला. त्याने हँडल मारला. तिसऱ्या हिसक्याला गाडी सुरू झाली आणि नाक्यावरचे एक घोडे बिथरले.

या गाडीला सगळ्या मुलखात वाघीण म्हणतात. रेल्वेच्या मालडब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतातच. स्टेशन वॅगन म्हणजे ठेसनाची वाघीण, आणि पुढे ठेसनही गळाले. पुसेगावला चहा घेताना हवालदाराने यावरून घडलेली एक हकिगत सांगितली.

"माणदेशातनं एक नवी मेंढरंवाली आली हुती. तिच्या पोराला गोवर. मी सांगावा धाडला, उद्या सकाळी वाघीण येतीया, तयार ऱ्हावा. दुसऱ्या दिशी गेलो तर काय, मेंढरांच्या वाडग्याला काट्याची दुहेरी झाप, भवतीनं जाळ, आन बाप्यांच्या हातात कुऱ्हाडी!"

"आणि मग?"

"मग काय? वाघिणीतनं बाई उतरल्या. तवा कुऱ्हाडी खाली ठिवल्या."

पुसेगावच्या पुढे रस्ता म्हणजे गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्या. बसके डोंगर, मध्ये शाळूची शेते, ताटे अजून गुडघ्याएवढीच. नव्या गाडीच्या काचा बंद होत्या. आम्ही वडूजला पाऊण तास आधी पोचलो आणि कपड्यांवर धुळीचा कण नव्हता. वाघीण आली तेव्हा इंदिराबाईंच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. बाई चाळिशीच्या, उंच, बोलायला कमी.

"लिहा," त्या म्हणाल्या, "की धूळ फार लागते. खोटं कशाला लिहायचं?"

जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्यांच्या पिठाचे पातळ माडगे होते. पुण्यात हुलगे टांग्याच्या घोड्याला घालतात, असे मी बोलून गेलो. हवालदाराने ताटातून मान वर केली नाही.

"मग तुमची घोडी शाणी असत्याल," तो म्हणाला.

माडगे दोनदा मागून घेतले.

दुसरा दिवस: वडूज ते विटा

निरोप मायणीच्या अलीकडच्या एका वस्तीवरून आला होता. धुळाबापू नावाचे मेंढपाळ म्हातारे शेळ्यांना पाला तोडताना बाभळीवरून पडले होते आणि मांडीचे हाड मोडले होते. वस्ती रस्त्यापासून दोन मैल आत होती आणि वाटेत एक खोल ओघळ होती.

ज्ञानूशेठ म्हणाले, नवी गाडी पुढे जाईल. गेली. ओघळीत तिचे तोंड खाली उतरले आणि शेपूट काठावर टेकले. मागची चाके अधांतरी फिरू लागली. हवालदार खाली उतरला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"शेठ, नवरी उंबऱ्यात अडलीया. उखाणा घ्याया सांगा की तिला."

"त्वांड आवर गड्या, आन दोर आण."

वाघिणीने नव्या गाडीला मागे ओढून काढले. मग ती स्वतः ओघळीत उतरली, एका अंगावर कलली, आतली पितळी भांडी वाजली आणि पलीकडे चढली. शेठजी आपली गाडी रस्त्यावर ठेवून चालत आले. चमकणाऱ्या बुटांत दोन मैल चालताना त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, हेही टिपले आहे.

बाईंनी मांडीला फळ्या बांधल्या. ते होईपर्यंत म्हातारा दातांत घोंगडीचे टोक धरून पडून होता. मग त्याने टोक सोडले आणि शेठजींकडे बघितले.

"ह्यो कोन?"

"मी विट्याचा, म्हातारबा. माझी गाडी हाय रस्त्यावर. लय मऊ हाय. तिच्यातनं नेतो तुमास्नी सांगलीला. बसा की."

"बसायला आलं असतं तर बाईला कशाला बोलीवलं असतं रं?" धुळाबापू म्हणाले. "आपल्या पायानं गेलो नसतो व्हय?"

शेठजी बाजूला सरकले. हवालदाराने दोन स्क्रू फिरवून मधला बाक काढला आणि मागची फळी सोडली. म्हातारा घोंगडीसकट आत सरकवला गेला, पाय लांब करून, आडवा. बाई त्याच्या उशाशी जमिनीवर बसल्या. काढून ठेवलेल्या बाकाजवळ मी उभा होतो. तो धरून वाघिणीतच बसा, असे बाई मला म्हणाल्या.

नातेवाईक पाच होते. म्हाताऱ्याची बायको कोंडाबाई, मुलगा, सून आणि भावकीतले दोघे. त्यांना मायणीपर्यंत आपल्या गाडीतून न्यायचा आग्रह शेठजींनी धरला आणि ती पाचही माणसे त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत चालत गेली. वाघीण मायणीला आधी पोचली, कारण त्यांना चालायला वेळ लागला. थोड्या वेळाने नवी गाडी आली. दार उघडले आणि पाची जण अनवाणी उतरली. रस्त्यावर पाय टेकल्यावर कोंडाबाईंना कळले.

"आता गं बया! पायतानं मागंच ऱ्हायली की!"

"आवं, पर काढली कशाला?" ज्ञानूशेठ म्हणाले.

"आत तांबडी गादी हाय न्हवं? गादीवर कुनी पायतानं घालून चढतंय व्हय?"

"मग वाघिणीत चढताना काढता का?"

"तिच्यात? तिच्यात शेरडं बी बसत्यात."

पुण्याला आपण घराच्या उंबऱ्याबाहेर चपला काढतो आणि मोटारीत बुटासकट बसतो. इथे ज्या जागेचा मान राखायचा तिथे पायताण बाहेर, मग ती जागा चाकांवर असली तरी. या चुकीवर हसणाऱ्याने आधी तो तांबडा गालिचा पाहावा.

शेठजींनी गाडी वळवली आणि मीही बरोबर गेलो. पाच मैल मागे, रस्त्याच्या कडेला, जिथे गाडीचे दार होते तिथे पाच जोड एका ओळीत मांडलेले होते. त्यांच्यापलीकडे विहीर होती. विहिरीच्या काठावर दहा-बारा माणसे जमली होती आणि दोन जण दोर धरून पाण्यात उतरले होते.

"काय झालं?" शेठजींनी विचारले.

"पाच जनांनी जीव दिला जनू," काठावरचा एक जण म्हणाला. "बाया बी हायत्या. अजून एक बी गावंना."

ज्ञानूशेठ खाली उतरले, दहा पायताणे गोळा केली आणि डिकीत टाकली. मग विहिरीत वाकून ओरडले, "वर या रं! जित्ती हायती सगळी! मायणीत च्या पीत बसल्याती!"

परतीच्या वाटेवर त्यांनी रेडिओ लावला. त्या डोंगरांत नुसती शीळ ऐकू येत होती. त्यांनी तो बंद केला.

दिवेलागणीला विट्याजवळ त्यांच्या घरी उतरलो. धुळाबापूंना त्यांनी सोप्यात आपल्या गादीवर निजवले, स्वतः त्यांना दूध पाजले. जेवण पुरणपोळीचे होते. हवालदाराला त्यांनी बळेबळे तीन वाढल्या. जेवण झाल्यावर ते इंदिराबाईंसमोर येऊन बसले.

"बाई, तुमास्नी वाटतंय ह्यो मिरवाय गाडी देतोय."

"तसं मी म्हटलेलं नाही."

"माजा बा आजारी पडला तवा मी मद्रासेत मुशीपुढं बसलो हुतो. त्याला बैलगाडीतनं सातारला न्हेला. कोरेगावला पोचस्तवर गेला. आजारानं न्हवं, धक्क्यानं गेला. तवाच ठरीवलं, एक गाडी आशी द्यायची, जिच्यात धक्का लागायचा न्हाई."

बाईंनी गादीवर निजलेल्या धुळाबापूंकडे पाहिले.

"शेठ, तुमच्या वडिलांना बैलगाडीत कसं नेलं होतं? बसवून?"

"निजवून. कडब्यावर."

"तुमच्या या गाडीत त्यांना बसवून न्यावं लागलं असतं."

शेठजी उठून आत गेले. बाईंच्या बोलण्यात कठोरपणा होता असे मला त्या वेळी वाटले. नंतर टिपणे वाचताना वाटले नाही.

तिसरा दिवस: विटा ते सांगली

जुन्या गाडीचे दोष सांगितलेच पाहिजेत. त्या दिवशी ते सगळे बाहेर आले. तासगावच्या वाटेवरच्या चढाला वाघिणीच्या पंख्याचा पट्टा तुटला आणि पाणी उकळून तोंडातून वाफ येऊ लागली. सुटा पट्टा नव्हता. गेले चार महिने कुठेच मिळालेला नव्हता. नवी गाडी पुढे जाऊन थांबली आणि परत आली.

"आता?" ज्ञानूशेठनी विचारले. आवाजात आनंद नव्हता, पण तो फार लांबही नव्हता.

आत पडलेल्या धुळाबापूंनी कमरेची गोफण सोडली आणि कॅनव्हासच्या पडद्याखालून बाहेर धरली. लोकरीच्या दोऱ्याची, चपटी विणलेली.

"ह्ये बघ जमतंय का, हवालदारा. लांडग्यावर चालती, वाघिणीवर बी चालंल."

हवालदाराने गोफण दुमडून दोन्ही कप्प्यांवर ताणली, गाठ चाकूने साफ केली, पाणी भरले. वाघीण तासगावपर्यंत त्या गोफणीवर गेली. तासगावात एका चांभाराने चामड्याचा पट्टा शिवून दिला.

तिथून पुढे मुलूख बदलतो. विहिरींवर मोटा, रस्त्याला उसाच्या गाड्या, गुऱ्हाळांचा धूर. एका गुऱ्हाळावर आम्ही थांबलो. मालकाने नव्या गाडीला हात लावून पाहिला आणि काकवीची वाटी मात्र जुन्या गाडीत निजलेल्या माणसाला नेऊन दिली. सांगली संस्थानच्या हद्दीत रस्ता एकदम गुळगुळीत झाला आणि शेवटचे मैल नव्या गाडीने असे काढले की पाण्यावरून चालल्यासारखे वाटले. धुळाबापूंना तिथल्या मोठ्या दवाखान्यात पोचवले. हाड नीट धरले आहे, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

दुपारी दोनला अध्यक्षांच्या घराच्या ओसरीवर मंडळ बसले. अध्यक्ष आणि दोन सदस्य, तिघेही सुपारी कातरत. समोरच्या अंगणात दोन्ही गाड्या. मी टिपणे वाचली: वेळ, धूळ, धक्के, ओघळ, पट्टा. चपलांच्या भागाला सदस्य हसले. ज्ञानूशेठ हसले नाहीत.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "टिपणे चांगली आहेत. दोन्हीकडे गुणदोष आहेत. पण देणगीदार एवढ्या मनाने देतात, तर दवाखान्याने ती नाकारणे शोभणार नाही. शिवाय आपली डॉक्टर लाकडी खोक्यातून हिंडते, हे सांगलीत बरे दिसत नाही. नवी गाडी स्वीकारावी."

दोघा सदस्यांनी माना हलवल्या. अध्यक्षांनी कागद पुढे केला. वाटले होते, बाई राजीनामा देतील. हवालदारालाही तसेच वाटले असावे, कारण तो अंगणात ताठ उभा राहिला होता. बाईंनी कागद पूर्ण वाचला आणि सही केली.

"गाडी दवाखान्याची झाली?"

"झाली," अध्यक्ष म्हणाले.

"तिचं काय करायचं ते डॉक्टरने ठरवायचं?"

"अर्थातच."

"हवालदार, पाना आणा. मागची सीट काढा."

हवालदाराला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. कोचासारखी ती सीट दहा मिनिटांत बाहेर आली आणि ओसरीवर ठेवली गेली. एक सदस्य नकळत तिच्यावर बसले. मग तांबडा गालिचा गुंडाळून आला. बाई गाडीशी गेल्या.

"आता आडवे व्हा."

हवालदार आत शिरला आणि आडवा झाला. त्याचे पाय गुडघ्यापासून दाराबाहेर राहिले. बाईंनी आत वाकून पाहिले. सीटमागे पोलादी पत्रा होता, त्याच्यापलीकडे डिकी.

"हा पत्रा निघतो?"

"निघत न्हाई, बाई. कापावा लागंल," आतून आवाज आला.

"कापा. करवत आणा."

"आवं बाई!" ज्ञानूशेठ ओसरीवरून उतरले. "आवं, काय इपरीत करताय? त्यो पत्रा कापला तर गाडीचा कणाच ग्येला!"

"माणूस झोपायला जागा हवी. ओघळ चढायला मागचं शेपूटही थोडं कापावं लागेल. रंग तसाच ठेवू."

अध्यक्ष म्हणाले, "इंदिराबाई, हे जरा…"

"डॉक्टरने ठरवायचं, असं आत्ताच म्हणालात."

हवालदार पत्र्याची करवत घेऊन आला. ती वाघिणीतच होती. त्याने आत वाकून पाते पत्र्याला लावले आणि एकदाच ओढले. आवाज ओसरीवर सगळ्यांना ऐकू आला.

ज्ञानूशेठ धावले आणि दारात पाठ लावून उभे राहिले. फेटा कलला होता.

"हात लावू नगंस, तुकाराम! माजी गाडी हाय ती!"

हवालदाराने करवत बाहेर घेतली.

"कुणाची?" बाईंनी विचारले.

शेठजींनी अध्यक्षांकडे पाहिले, हवालदाराच्या हातातल्या करवतीकडे पाहिले. मग हळू, पण स्पष्ट म्हणाले, "माजी."

"मग न्या, शेठ."

अध्यक्षांनी सहीचा कागद उचलून धरला. "आणि याचं काय करायचं?"

"यांच्या टिपणांना जोडा," बाई म्हणाल्या. कागद माझ्याकडे आला. अजून माझ्याकडे आहे.

सीट परत बसवताना एका बाजूने हवालदाराने धरली, दुसऱ्या बाजूने ज्ञानूशेठनी. "जरा वर घे गड्या," शेठजी म्हणत होते, "कोपरा घासतोय." पत्र्यावर करवतीचा बोटभर चरा राहिला.

चारच्या सुमारास वाघीण वडूजला जायला निघाली. मधला बाक परत बसवलेला नव्हता. तो मी ओसरीवरून उचलून आणला तेव्हा बाईंनी तो छपरावर बांधायला सांगितले. वाटेत मायणीला एक अवघडलेली बाई घ्यायची होती आणि तिला निजायला जागा लागणार होती.